झाडूचं बियाणं विकत घेण्याआधी: चार वनस्पती, बी मिळवण्याची वाट आणि एका गुंठ्याची चाचणी



झाडू बांधणीचा व्हिडिओ पाहिल्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, बांधणी जमेल. पण झाडूचं गवत आपल्याच शेतात लावलं तर? बी कुठं मिळेल?"

प्रश्न बरोबर आहे. झाडूच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा कच्च्या मालात जातो. तो घरचा असला तर चार पैसे जास्त सुटतात. पण नवीन माणूस फसतो तोही इथंच. बी विकणाऱ्याला त्याचे पैसे त्याच दिवशी मिळतात. तुमची जमीन मात्र दोन-तीन वर्षं अडकते आणि चूक कळेपर्यंत गटाची बचत संपलेली असते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी एक हिशोब करायचाय.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. बी शोधण्याआधी झाडू ठरवा. आणि पहिल्या वर्षी एका गुंठ्यापेक्षा जास्त लावू नका. असं का, ते पुढे बघू.

1. आधी झाडू कोणता?

"झाडूचं बी" असं एकच काही नसतं. आपल्या बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे झाडू दिसतात:

- फुलझाडू : घरातल्या फरशीसाठी, मऊ. हा एका उंच गवताच्या तुऱ्यांपासून बनतो.
- केरसुणी : शिंदीच्या पानांची. काही भागात हिला फडा म्हणतात. लक्ष्मीपूजनाला हीच लागते.
- खराटा : अंगण, गोठा, रस्ता झाडायला. कोकणात तो नारळाच्या हिरांचा असतो.

चौथा प्रकार परदेशात चालतो, तो म्हणजे झाडू-ज्वारीचा झाडू. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. पण इंटरनेटवर "झाडूचं बियाणं" शोधलं की सगळ्यात आधी हाच समोर येतो. गोंधळाला सुरुवात तिथूनच होते.

आता एकेक वनस्पती बघू.

2. फुलझाडूचं गवत

शास्त्रीय नाव थायसॅनोलीना लॅटिफोलिया. गवत म्हणतो खरं, पण पानं रुंद, बांबूसारखी आणि ठोंब दोन-तीन मीटर उंच. मेघालय आणि आसामच्या डोंगराळ भागात याची मोठी लागवड आहे. आंध्रच्या विशाखापट्टणमकडच्या आदिवासी डोंगरपट्ट्यात आणि दक्षिण ओडिशातही ते मिळतं. तेलुगूत याला 'कोंडा चीपुरू', म्हणजे डोंगरी झाडू, म्हणतात. नावातच जमीन सांगितलीय. याला डोंगरउतार, भरपूर पाऊस, हवेत ओलावा आणि पाणी न साचणारी माती लागते.

म्हणजे तुमची जमीन सह्याद्रीच्या पट्ट्यात किंवा कोकणात उताराची असेल, तर चाचणी घ्यायला हरकत नाही. सोलापूर, बीड, धाराशिवच्या कोरडवाहू रानात मात्र या गवताच्या मागे लागू नका. ठिबकवर जगेलही, पण पाण्याचा खर्च धरला तर मेघालयाच्या पावसावर वाढलेल्या मालाशी दरात टक्कर देता येणार नाही.

बी की फुटवे? याचं बी अतिशय बारीक आणि हलकं असतं. ते ताजंच पेरावं लागतं, कारण जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते. पेरायचं झालं तर गादीवाफ्यावर बारीक वाळूत मिसळून वरच्यावर टाकायचं. मातीत खोल गाडायचं नाही. पाणी झारीने, अगदी हळू द्यायचं, नाहीतर बी वाहून जातं. नवशिक्याला सोपा मार्ग म्हणजे ठोंब फोडून केलेले फुटवे. मुळासकट दोन-तीन काड्यांचा एक फुटवा घ्यायचा, वरून छाटायचा आणि पहिला चांगला पाऊस झाला की लावायचा.

अंतर साधारण दीड ते दोन मीटर. दोन मीटर बाय दोन मीटर धरलं तर एका गुंठ्यात 25 आणि एकरात सुमारे 1,000 ठोंब बसतात.

तोडणी. मेघालयात तुरे साधारण जानेवारी ते मार्च या काळात निघतात. लवकर तोडलं तर काडी कच्ची राहते, वाळल्यावर मोडते. उशीर झाला तर फुलोरा झडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, हा झाडूच घरभर कचरा करतोय." तुऱ्याचा हिरवा रंग उतरून किंचित तपकिरी छटा यायला लागली, की ती वेळ. सगळे तुरे एकदम तयार होत नाहीत. रानात तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात, ती मजुरी हिशोबात धरा.

पहिल्या वर्षी माल थोडाच मिळतो. खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. चार-पाच वर्षांनी ठोंब दाटतो, तुरे कमी होतात. मग ठोंब फोडून नव्याने लावायचा. पानं जनावरांना चालतात, वाळलेल्या काड्या जळणाला होतात आणि मुळं उताराची माती धरून ठेवतात. त्यामुळे बांधावर आणि पडीक उतारावर हे पीक शोभतं. चांगल्या काळ्या जमिनीत लावून ती अडवू नका.

3. झाडू-ज्वारी

ही आपल्या ज्वारीचीच बहीण आहे, तेही अगदी जवळची. फरक कणसात. आपल्या ज्वारीच्या कणसाला मधे दांडा असतो आणि दाणे भरगच्च. झाडू-ज्वारीत मधला दांडा जवळजवळ नसतो. एकाच जागेवरून दीड-दोन फूट लांब, लवचीक काड्या फुटतात आणि टोकाला थोडे दाणे. त्या काड्यांचाच झाडू बांधतात.

अमेरिकेत या झाडूचा व्यापार 1797 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन या शेतकऱ्याने सुरू केला, असं मानलं जातं. लावायचा तोच, बांधायचा तोच आणि विकायचाही तोच. पुढे तिथं या पिकाचा मोठा धंदा झाला. पण तोडणी हाताने करावी लागते. मजुरी महाग झाली तसं हे पीक मेक्सिकोकडे सरकलं. यातून आपल्याला एक गोष्ट कळते: हे पीक यंत्राचं नाही, हातांचं आहे. घरात काम करणारे हात असतील तरच विचार करा.

लागवड. ज्वारी पिकवणाऱ्याला यात शिकण्यासारखं कमी आहे. फरक तेवढे लक्षात ठेवा:

- पेरणी थोडी दाट ठेवा. ओळींत दीड फूट, रोपांत तीन-चार इंच. विरळ पेरलं की काडी जाड आणि राठ होते. दाट पेरलं की बारीक आणि लवचीक.
- काडी हिरवी असताना, दाणा चिकात असतानाच तुरा तोडायचा. दाणा पक्व होऊ दिला तर काडी ठिसूळ होते.
- तुरा वजनाने वाकडा व्हायच्या आत ताट मधून मोडून आडवं करतात, म्हणजे काड्या सरळ राहतात.
- वाळवणी सावलीत. तोडणीच्या वेळी पाऊस लागला तर काड्यांवर लाल डाग पडतात आणि माल कमी दरात जातो.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रात अडचणीचा आहे. जूनमध्ये पेरलं तर तोडणी सप्टेंबरच्या पावसात सापडू शकते. उशिरा पेरलं तर खोडमाशीचा त्रास वाढतो. म्हणून चाचणीत अर्धा गुंठा एका तारखेला आणि अर्धा तीन आठवड्यांनी पेरा. तुमच्या गावाला कोणती तारीख मानवते ते तुमचंच रान सांगेल. आणि हो, कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे तुम्हाला माहीत आहेच. हीही ज्वारीच आहे. विरळणीत उपटलेली रोपं गोठ्यात टाकू नका.

बी घरचं ठेवायचं असेल तर दोन गोष्टी. एक, झाडूसाठी तोडलेल्या तुऱ्यातलं बी कच्चं असतं, ते धरू नका. चांगले, लांब, सरळ तुरे असलेली काही ताटं वेगळी खूण करून पूर्ण पिकू द्या आणि पाखरांपासून राखण करा. दोन, ज्वारीत परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, पण काही प्रमाणात शेजारच्या ज्वारीचं परागही येतं. यंदाच्या झाडूवर त्याचा परिणाम होत नाही. परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. धरलेल्या बियाण्यातून अर्धवट ज्वारी, अर्धवट झाडू अशी कणसं निघतात. त्यामुळे बियाण्याचा तुकडा दुसऱ्या ज्वारीपासून निदान 200 मीटर लांब हवा. शेजारी सगळीकडे ज्वारीच असेल, तर शेजाऱ्यांचं फुलोऱ्यावर येण्याचं आणि तुमचं यात महिनाभराचं अंतर राहील असं पेरा.

बाजाराचं काय? इथं नीट विचार करा. या झाडूची काडी फुलझाडूपेक्षा कडक आणि खराट्यापेक्षा मऊ असते. आपल्या गिऱ्हाइकाला ती ओळखीची नाही. म्हणजे तुम्हाला पीकही नवं आणि वस्तूही नवी, दोन्ही एकदम विकायचंय. दुकान, गोदाम, पिठाची गिरणी, वर्कशॉप अशा ठिकाणी ती चालू शकते. पण आधी दहा झाडू देऊन बघा, मग एकराची भाषा करा.

4. शिंदी आणि नारळ: लावण्याआधी जवळचं बघा

शिंदीचं बी शोधायला ऑनलाइन जायची गरजच नाही. ओढ्याकाठी झाडं असतात, उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेली फळं खाली पडतात. गर काढून बी धुवायचं आणि ताजंच पिशवीत लावायचं. उगवायला महिना-दोन महिने लागू शकतात, तेव्हा आठ दिवसांत पिशवी उकरून बघू नका. पण खरी गोष्ट ही, की शिंदी फार सावकाश वाढते. आज लावलेल्या रोपावर यंदाच्या दिवाळीची केरसुणी होणार नाही, पुढच्याही नाही. बांधावर लावा, मुलांच्या उपयोगी पडेल. धंद्यासाठी मात्र आज उभ्या असलेल्या झाडांच्या मालकाशी बोला आणि पानांचा वर्षाचा व्यवहार लेखी ठरवा.

एक विनंती. बऱ्याच गावांत केरसुणी बांधण्याची कला पिढ्यान्पिढ्या मातंग समाजातल्या घरांनी जपलीय. पान कधी कापायचं, किती वाळवायचं, कसं चिरायचं हे त्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे शिकायला जा, शिकवण्याचे पैसे द्या आणि जमलं तर भागीदारीत घ्या. त्यांचंच गिऱ्हाईक कमी दरात ओढून धंदा उभा करू नका. पॅकिंग आणि शहरातली विक्री तुम्ही आणा, बांधणी त्यांची असू द्या. दोघांचं भागतं.

नारळाचा हिशोब तर आणखी सोपा. जिथं बाग आहे तिथं नवीन काही लावायचंच नाही. नारळाच्या झाडाला साधारण महिन्याला एक झावळी गळते, म्हणजे वर्षाला बारा. एका झावळीला 200 च्या आसपास पाती आणि प्रत्येक पातीत एक हीर. बारा झावळ्यांचे झाले 2,400 हीर. टोकाचे, बुडाचे, आखूड, कुजके काढून समजा निम्मेच कामाचे, म्हणजे 1,200. एका खराट्याला 300 हीर धरले तर एका झाडामागे वर्षाला चार खराटे. पन्नास झाडांची बाग असेल तर 200 खराटे, आणि झावळ्या आज कदाचित जाळल्या जातायत. हीर काढायची मजुरी हाच इथला मोठा खर्च.

5. बी घेताना लोक कुठं फसतात?

नावाचा घोटाळा. इंग्रजीत झाडूला 'ब्रूम' म्हणतात, पण 'ब्रूम' नावाचं पिवळ्या फुलांचं एक झुडूपही आहे. त्याचा आपल्या धंद्याशी संबंध नाही. उलट निलगिरीत ते बाहेरून येऊन माजलेलं झुडूप म्हणून ओळखलं जातं. झाडू-ज्वारीला 'ब्रूमकॉर्न' म्हणतात. पण 'ब्रूमकॉर्न मिलेट' हे वरीसारख्या एका बारीक धान्याचं नाव आहे. ते मागवलंत तर खीर होईल, झाडू होणार नाही. पाकिटावर शास्त्रीय नाव बघा. झाडू-ज्वारी असेल तर 'सोरघम' हा शब्द असलाच पाहिजे.

परदेशी पाकीट. बाहेरच्या देशातून टपालाने बी मागवू नका. बियाणं आयात करायला वनस्पती संगरोध आदेश, 2003 खाली परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पार्सल अडकतं, आणि नवा रोग शेतात आला तर गावाचं नुकसान.

झाडूतला भुसा. "नव्या फुलझाडूतून झडतं तेच बी पेरा" असं काही जण सांगतात. तो माल काडीसाठी तोडलेला, वाळवलेला आणि महिनोन्‌महिने गोदामात पडलेला असतो. त्याच्यावर लागवडीचा भरवसा ठेवू नका.

"माल आम्ही परत घेऊ." ही सगळ्यात महाग थाप. असं कुणी म्हटलं तर तीन प्रश्न विचारा. दर, प्रत आणि मुदत स्टॅम्प पेपरवर देणार का? गेल्या वर्षी कुणाचा माल घेतला, त्या शेतकऱ्याच्या रानात घेऊन जाणार का? आणि बियाण्याचे अर्धे पैसे उगवण झाल्यावर घेणार का? तिन्हीला "हो" आलं तर पुढं बोला. एकालाही आढेवेढे घेतले तर चहा पिऊन परत या.

मग विचारायचं कुठं? जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रापासून सुरुवात करा. ज्वारीसाठी राहुरी आणि परभणीची कृषी विद्यापीठं आणि हैदराबादची भारतीय श्रीअन्न संशोधन संस्था ही विचारणा करण्याची ठिकाणं. फुलझाडूच्या गवतासाठी मेघालयात उमियम इथं भारतीय कृषी संशोधन परिषदेचं ईशान्य भारतासाठीचं संकुल आहे. पत्र किंवा ईमेल करा, गाव, जमीन आणि पाऊस लिहा. जंगलातून ठोंब उपटून आणायचा विचार असेल तर आधी वन विभाग आणि ग्रामसभेला विचारा. परवानगीशिवाय उपटला तर गुन्हा होऊ शकतो.

उगवण तपासा. ज्वारीचे 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा. आठवडाभरात किती उगवले ते मोजा. प्रमाणित ज्वारी बियाण्याची किमान उगवण 75 टक्के धरतात. 50 उगवले तर ते बी परत करा. पावती, पाकिटावरचं लेबल आणि मूठभर बी जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तालुका कृषी अधिकारी हेच मागतात.

6. एका गुंठ्याची चाचणी

वर्षभर दोन कामं बरोबर चालवायची.

पहिलं काम शेतात. एका गुंठ्यात निवडलेली एकच वनस्पती. वहीत तारखा, मजुरी, पाणी आणि शेवटी वाळलेल्या मालाचं वजन लिहायचं. ओलं वजन धरू नका, ते फसवतं.

दुसरं काम घरात. बाजारातून कच्चा माल आणा, झाडू बांधा, विका. यातून तुम्हाला कळेल की गिऱ्हाईक कोणता झाडू परत मागतं आणि दुकानदार किती उधार ठेवतो. रानातला माल तयार होईपर्यंत तुमचं दुकान तयार झालेलं असेल.

7. आता उलटा हिशोब

बाजारातले तीन झाडू विकत आणा, उघडा आणि आतला माल तोला. समजा फुलझाडूत 250 ग्रॅम तुरे निघाले.

- रोज 20 झाडू × महिन्याचे 25 दिवस = 500 झाडू
- 500 × 250 ग्रॅम = महिन्याला 125 किलो
- वर्षाला 1,500 किलो वाळलेले तुरे

आता तुमच्या गुंठ्यातला आकडा घ्या. समजा एका ठोंबाला अर्धा किलो वाळलेला माल मिळाला. मग 3,000 ठोंब लागतील, म्हणजे दोन मीटर अंतराने साधारण तीन एकर. ठोंबाला पाव किलोच मिळाला तर सहा एकर. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे तुमच्या तराजूवरून घ्या.

आणखी एक. माल वर्षातून एकदाच, दोन-तीन महिन्यांत येतो आणि झाडू बारा महिने बांधायचा असतो. म्हणजे 1,500 किलो माल कोरडा, जमिनीपासून वर आणि उंदरांपासून दूर ठेवायला जागा हवी. ती जागा नसेल तर तीन एकर लावूनही पावसाळ्यात माल विकतच घ्यावा लागेल.

हिशोब करून असं दिसलं, की लावण्यापेक्षा विकत आणणं परवडतं, तर तसंच करा. त्यात कमीपणा काही नाही. शिंपी कापूस पिकवत नाही, तरी त्याचं दुकान चालतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तीन झाडू उघडून तोला. गावातली शिंदी किंवा नारळाची झाडं मोजा. कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारा. बियाण्यावर एक रुपयाही या आठवड्यात खर्च करायचा नाही.

पुढच्या भागात बांधणीची तार, मूठ आणि पॅकिंगचा खर्च मांडू. तोपर्यंत वही भरा. गटातल्या ज्या ताईला हा धंदा करायचाय, तिला हा लेख वाचून दाखवा.